तू फक्त बार पाहिलास

बडोदे, रविवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू सहज बोलून गेलास, "आई, परवापासून नैराश्याच्या गोळ्या बंद केल्यात. तुझ्यासारखी जिम लावलीये." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर आपलं बोलणं वादावर जातं, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत तू माझा व्हिडिओ काढलास, 40 किलोचा बार जमिनीवरून उचलताना. सगळ्या नातेवाईकांना पाठवलास. तू पाहिलंस ते तेवढंच. त्याआधीचं मी तुला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

आजार काय होता ते आधी सांगते. एका सकाळी गॅसवर दूध होतं आणि मी समोर उभी होते. दूध वर येताना दिसत होतं. बटण फिरवायला हात उचलायचा होता, तो उचलेना. दूध ओट्यावरून ओघळून माझ्या पायावर आलं तरी मी तशीच. बाबा धावत आले. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो आणि एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली. पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक वाटला नाही. मग हळूहळू झोप आली, जेवणाला चव आली. मला उभं केलं ते त्या गोळीने, हे विसरू नकोस.

दीड वर्षाने मी तुझ्यासारखंच केलं. बरं वाटतंय, मग कशाला, म्हणून 10 मिलिग्रॅमची गोळी एकदम बंद केली. कोणाला न विचारता. दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी भांडी घासताना मागे वळले आणि डोक्यात करंट लागल्यासारखं झालं. पुढे नुसती नजर फिरवली तरी झटका बसे. जिना उतरताना कठडा धरावा लागे. रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं, आणि दिवसभर बाबांवर चिडचिड. मला वाटलं आजार उलटला.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, आजार उलटतो तेव्हा बहुधा आठवड्या-आठवड्यांनी, सावकाश उलटतो. गोळी तुटल्याचा त्रास काही दिवसांतच येतो आणि त्यात हे झटके, ही चक्कर असते. गोळी पुन्हा सुरू केली, तीन-चार दिवसांत झटके थांबले. मग रीतसर कमी केली. 10 वरून साडेसात, मग 5, मग अडीच, प्रत्येक पायरीवर काही आठवडे. बाबा ब्लेडने 5 ची गोळी अर्धी करून डबीत ठेवत. शेवटची पायरी सगळ्यात जड गेली. एकूण पाच महिने लागले.

तुला तर गोळी सुरू होऊन चारच महिने झालेत. बरं वाटायला लागल्यानंतरही निदान सहा महिने ती चालू ठेवतात, कारण लवकर सोडली की आजार परतण्याची भीती जास्त. तुझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेलच.

वजनं त्यानंतर आली, आणि तीही मनासाठी नाही. हाडं विरळ झाल्याचं तपासणीत निघालं, म्हणून फिजिओथेरपिस्टने पाठवलं. पहिले पंधरा दिवस हातात नुसती काठी. कंबर कशी मागे न्यायची, पाठ सरळ कशी ठेवायची, एवढंच. मग 15 किलोचा मोकळा बार. त्याच्यावरची खरखरीत नक्षी तळव्याला टोचते, बाबा तिला कारखान्यातल्या सवयीने नर्लिंग म्हणतात. आता बोटांच्या मुळाशी चार घट्टे आहेत. कोच गुजराती मुलगा आहे, "मासी, पहेला श्वास भरो" म्हणतो. पोटात श्वास भरून धरायचा आणि मगच उचलायचं. त्या दोन-तीन सेकंदांत दुसरा कुठलाच विचार डोक्यात मावत नाही. मला ते फार आवडतं. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती वाढली की वहीत लिहिते. मन कसंही असो, वहीतला आकडा खोटं बोलत नाही.

पण पावसाळ्यात मी पुन्हा घसरले होते. तुला सांगितलं नाही. बाबांचं आणि माझं ठरलेलं आहे, दोन आठवडे झोप मोडली किंवा आंघोळीचा कंटाळा आला की त्यांनी मला न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. त्यांनी केला. त्या दोन आठवड्यांत बार उचलला होता, तरीही जावं लागलं.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तुला लहानपणी नेलं होतं, आठवतं? गामा पहिलवानाने उचललेला दगड, 1200 किलोचा म्हणतात. त्यावर तारीख कोरलेली आहे, 23 डिसेंबर 1902. तू आजोबांना विचारलंस, एवढा कसा उचलला? ते म्हणाले, "त्याच्या आधी किती वर्षं दंड-बैठका काढल्या, ते काही दगडावर कोरलेलं नाही." तेव्हा तुझं लक्ष आइसक्रीमकडे होतं.

जिम सोड असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून जा, गोळी चालू असतानाही वजनं उचलता येतात. दोन्हींतून एक निवडायची गरजच नाही. फक्त उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर आणि कुठल्या दिवसापासून गोळी बंद आहे ते खरं सांग. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू दे. आणि रात्री कितीही वाजले असोत, नको ते विचार आले तर मला उठव.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मी पुण्याला निघतेय. बाबांनी तिकीट काढलंय. येताना माझी वही आणि तुझा लीलो चेवडो आणते.

तुझी,
आई