झालरीच्या स्कर्टची बेतणीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत झालरींच्या स्कर्ट-टॉपचे फोटो येतात. बेतणी मात्र कधीच येत नाही. नातीसाठी तो जोड मी घरीच शिवला. कंबर २८ इंच, कापड ४४ इंच पन्ह्याचे पॉपलिन. प्रत्येक थर वरच्याच्या दीडपट: ४२, ६३ आणि साधारण ९५ इंच घेर. पट्ट्या आडव्या पन्ह्यात कापल्या, की दीड मीटरमध्ये स्कर्ट बसतो. टॉपला आणखी एक मीटर. कापड आधी भिजवावे, सुती आटतेच. चुण्यांसाठी मोठ्या टाक्याच्या दोन समांतर टिपा घालून खालचे दोरे ओढावेत. एकाच टिपेवर भागवले तर दोरा नेमका मध्येच तुटतो. विकतच्या स्कर्टात घेर वाचवतात, म्हणून झालर फुलत नाही, नुसती लोंबते. (खिसा तर नसतोच! नातीने दोन मागितले, दिले.) टॉपच्या बाह्यांना उरलेल्या तुकड्यांची तीन बोटांची झालर लावली.

पाककृतींना आपण अर्धे पान देता. मग महिन्यातून एकदा आकृती आणि मापांसह एखादी बेतणी का नको?

— एक शिवणवेडी आजी, इचलकरंजी