बोटाची नोंद

माझगाव, मुंबई
रविवार, रात्री

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल जहाजावरून फोन केलास तेव्हा तू जाता जाता म्हणालास, 'बोट जरा चेपलंय, बाकी मजेत.' नंतर ताईच्या मोबाईलवर फोटो पाहिला. जरा? नख काळं पडलंय, मधलं पेर दुप्पट सुजलंय आणि वर नुसती पट्टी. तिने दाखवला नाही, मीच मोबाईल ओढून घेतला, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. आईला अजून काही माहीत नाही. ती कुळथाचं पीठ दळून आणायच्या मागे आहे, जसा काही तू उद्याच उतरणार आहेस.

मला एवढंच विचारायचं होतं, जहाजाच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नोंद केलीस का?

एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला, असं तुझा वरचा अधिकारी, तो मेट, म्हणाला म्हणे. असेल बाबा चांगला माणूस. माझाही मेट चांगलाच होता. १९९७ साली दोर ओढायच्या यंत्राच्या, विंचच्या, ड्रमवर दोर घसरला तेव्हा पहिल्यांदा मला दुखलंच नाही. हातमोज्याची दोन बोटं रिकामी का लागतायत, तेवढंच कळेना. जहाजावरच्या स्वयंपाक्याने, भंडाऱ्याने, मला चहा बशीत ओतून पाजला. पुढे बॅलार्ड इस्टेटमधल्या एका एजंटाच्या ऑफिसात, पंख्याखाली फडफडणारा कागद पेपरवेटने दाबून धरत मी सही केली. सगळे पैसे मिळाले, यापुढे काही मागणी नाही, असं त्यावर इंग्रजीत होतं. उजवा हात शाबूत होता, म्हणून सही झोकात आली. त्या पैशांत गावच्या घराची कौलं बदलली. बस, तेवढीच.

लहानपणी तू विचारायचास, बाबा, तुमची बोटं कुठे गेली? समुद्रात पोहायला, असं मी सांगायचो. मग भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो की तू वाकून पाण्यात शोधत राहायचास आणि आई मागून तुझी चड्डी धरून ठेवायची.

असो. शुक्रवारी युनियनच्या ऑफिसात जाऊन आलो. तुझं नाव घेतलं नाही, काळजी करू नकोस. आमच्या वेळी नव्हतं ते आता आहे. २००६ चा सागरी कामगार करार, तुम्ही ज्याला एमएलसी म्हणता तो, २०१३ पासून लागू आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला, तुझ्या जहाजावर झेंडा आहे त्या पनामाने त्याच्याही आधी. कामावर दुखापत झाली की तू बरा होईपर्यंत, किंवा अपंगत्व कायमचं ठरेपर्यंत, उपचाराचा खर्च मालकाचा. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याचा कायदा याला मुदत घालू शकतो, पण १६ आठवड्यांपेक्षा कमी नाही. बंदरात लागलात की शक्य तिथे डॉक्टरकडे जायचा हक्क तुझा आहे, ते कोणाचे उपकार नाहीत. आणि कायमच्या अपंगत्वाची तुझ्या नोकरीच्या करारनाम्यातली भरपाई ठरली, तर कमी पैसे घे म्हणून कोणी दबाव आणायचा नाही, असं त्यात लिहिलेलंच आहे. ते ऐकून मी थोडा वेळ त्या बाकावर नुसता बसून राहिलो.

पण हे सगळं कशावर उभं राहतं? कागदावर. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठलं काम करताना, शेजारी कोण होतं. उद्या बोट वाकेनासं झालं तर 'हे घरीच झालं असेल' म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि पुढच्या काँट्रॅक्टच्या मेडिकलला तू गप्प बसलास, तर जाणूनबुजून दुखणं लपवलं म्हणून मालक मोकळा. आत्ता मेटचं मन राखायला जाशील आणि तेव्हा खोटा तू ठरशील.

बघ, सुरू झालं माझं भाषण. आई म्हणते मी फोनवरही असाच बोलतो, म्हणून तू लवकर ठेवतोस. चुकलं. चोवीस वर्षांचा झालास, माझ्यापेक्षा जास्त शिकलास. सीडीसी, ते खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, हातात आली त्या दिवशी वाण्यालासुद्धा दाखवून आलो होतो, ते तुला सांगितलं नव्हतं.

तरी एक. मेट नाही म्हणाला तर कॅप्टनकडे जा. आवाज चढवायचा नाही, 'सर, लॉगमध्ये घ्या' एवढंच. तक्रार केली म्हणून त्रास द्यायलाही त्या करारात बंदी आहे. हो, जहाजावर बंदी किती चालते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच झोप नाही. तुझ्या नोकरीच्या करारनाम्याची प्रत तुझ्याकडे आहे ना? नसेल तर ताईकडे आहे, तिच्याकडून मागव.

दापोलीचा विषय काढत नाही, तू आलास की बोलू. आईला बोटाचं काय सांगायचं ते तूच ठरव, माझ्याच्याने होणार नाही. तिने माझा हात बघून लग्नानंतरचे दोन महिने काढलेत.

नेट मिळालं की नोंदीच्या पानाचा फोटो पाठव. बोटाचा नको.

तुझा,
बाबा