कर्करोग केंद्रात जिवंत पेशी तपासण्याची सोय हवी

संपादक महोदय,

गोव्यात बांबोळीच्या कर्करोग केंद्राची चर्चा इमारत, खाटा आणि रेडिएशनच्या यंत्रांपाशीच थांबते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून त्यांत, कर्करोग पेशींवरचे सीडी19 हे प्रथिन ओळखणारा ग्राहक बनवणारे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि शिरेतून परत देतात. पेशी तयार मुंबईत झाल्या, तरी नंतर त्या शरीरात काय करतात हे रुग्ण राहतो तिथेच बघावे लागते. ती सोय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) व्हायला हवी.

दोन रुग्णांना सारख्याच संख्येने पेशी दिल्या तरी त्यांची कुवत सारखी नसते. एकाच पिशवीतली एखादी टी पेशी लागोपाठ अनेक कर्करोग पेशी मारते, दुसरी नुसती चिकटून राहते, तिसरी स्वतःच मरते. किरणोत्सारी क्रोमियमची जुनी, चार तासांची चाचणी या सगळ्यांची फक्त सरासरी सांगते. म्हणून आता सूक्ष्म खळग्यांच्या पट्टीवर टी पेशी आणि कर्करोग पेशी एकत्र सोडून, 37 अंश सेल्सिअस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, दर पाचेक मिनिटांनी चित्रे घेतात. मरू लागलेली पेशी ॲनेक्सिन या प्रथिनाला जोडलेल्या चमकत्या रंगाने ओळखू येते. कोणत्या पेशीने कधी गाठले, किती वेळ धरले, किती मारल्या, हे एकेकीचे मोजता येते. पेशी खळग्यांत जशा पडतील तशा पडतात, त्यामुळे रिकामे किंवा दोन टी पेशींचे खळगे हिशेबातून वगळावेच लागतात.

यात फसगत सहज होते. खळग्यातला द्रव इतका थोडा असतो की जरा बाष्पीभवन झाले की क्षार वाढतात, पेशी मरतात आणि ते टी पेशींचेच काम वाटते. चित्रांसाठीचा प्रकाश प्रखर असला तरी तेच. म्हणून शेजारी नुसत्या कर्करोग पेशींचे आणि जनुक न घातलेल्या टी पेशींचे खळगे हवेतच. त्यांच्याशिवाय आलेला अहवाल मानू नये.

नमुन्याचीही तीच काळजी. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन किंवा ईडीटीए घातलेल्या नळ्या मिळतात; त्यांतली हेपारिनची घ्यावी, कारण टी पेशींना कामासाठी लागणारे कॅल्शियम ईडीटीए बांधून टाकते. नळी बर्फात ठेवू नये; साध्या तापमानात ठेवून त्याच दिवशी पेशी वेगळ्या कराव्यात. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या केलेल्या टी पेशींच्या थरात मिसळतात आणि टी पेशींचा प्रतिसाद मंदावतो. सुमारे 600 किलोमीटरवरच्या मुंबईला कुरियरने पाठवलेली नळी हाती पडेपर्यंत बहुतेक वेळा दुसरा दिवस उजाडतो. पेशी दिल्यानंतरचे पहिले दोन आठवडे, जेव्हा त्या सर्वाधिक वाढतात, तेव्हाच ही दिरंगाई सर्वांत महाग पडते.

गोव्यात कौशल्य नाही असे नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रातील सूक्ष्म वनस्पती फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेसर किरणासमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. रक्तपेशी मोजण्याचे तत्त्वही तेच. आमची मागणी मर्यादित आहे: एक फ्लो सायटोमीटर, तापमान राखणारा एक सूक्ष्मदर्शक, पावसाळ्यात वीज गेली तरी इनक्युबेटर चालू ठेवणारी बॅटरी आणि कायमस्वरूपी नेमलेले दोन तंत्रज्ञ. हंगामी नेमणुकीवर हे काम चालत नाही. हात बसायलाच कित्येक महिने लागतात. ही पदे आरोग्य खात्याने केंद्राच्या आराखड्यातच धरावीत.

— पेशीविज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, ताळगाव