एक-चौदाच्या उताऱ्यावर मालमत्तेचा वैवाहिक वर्ग नोंदवा : गोव्याच्या महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

विषय : एक-चौदा (गावच्या जमिनीचा उतारा) आणि फॉर्म डी (शहरी मालमत्तेचा उतारा) यांच्यावर मालमत्तेचा वैवाहिक वर्ग, विधवेचा अर्धा हिस्सा आणि जुन्या नोंदवहीतील वर्णन क्रमांक दाखवण्याबाबत

माननीय महोदय,

एक-चौदाच्या उताऱ्यावर जमिनीची जात तपशिलाने दिलेली असते. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे स्वतंत्र रकाने आहेत. बांधाआडची खारी जमीन कोणती आणि उंचावरची मोरड कोणती, हे परगावच्या माणसालाही उतारा वाचून कळते. पण ही जमीन नवरा-बायकोची सामायिक की एकट्याची, हे सांगणारा रकाना त्यावर नाही. गोव्यात विक्री वैध ठरते की नाही हे आधी याच प्रश्नावर ठरते, म्हणून हे पत्र.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७०पासून गोव्यात लागू झाली. १९६१च्या मुक्तीनंतर १९६२च्या प्रशासन कायद्याने ती टिकवली. खुद्द पोर्तुगालने १९६७मध्ये नवी संहिता लागू केली, आपण जुनीच ठेवली. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) हे विषय २२ सप्टेंबर २०१६पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आले. वैवाहिक मालमत्तेचा पाया मात्र संहितेचाच राहिला.

संहिता मालमत्तेचे वर्ग दोन अंगांनी पाडते. पहिला भेद स्थावर आणि जंगम असा. कलम ३७४ प्रमाणे नुसती भुई म्हणजे ‘रुस्तिक’ आणि भुईत रोवलेली इमारत म्हणजे ‘उर्बान’. दोन्ही स्थावर. कलम ३७५ आणखी पुढे जाते. मालकाने वेगळे काढेपर्यंत भुईचे उत्पन्न आणि तिचे घटक स्थावर, आणि स्थावराला चिकटलेले हक्कही स्थावर. दुसरा भेद संसाराचा. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार झाला नसेल तर सगळी मालमत्ता कॉम्युनियनमध्ये, म्हणजे दोघांच्या सामायिक मालकीत येते. लग्नाआधीची, वारशाने आलेली, नंतर घेतलेली, सगळीच. प्रत्येकाचा अविभक्त अर्धा हिस्सा, ज्याला आपल्या कचेऱ्यांत मोइटी म्हणतात. करार केला असेल तर मालमत्ता पूर्ण वेगळी राहू शकते, किंवा फक्त लग्नानंतर मिळवलेलीच सामायिक होते. लग्न झाल्यावर हा करार बदलता येत नाही.

हे दोन भेद एकमेकांत गुंतलेले आहेत. संसारातली जंगम वस्तू नवरा एकट्याच्या सहीने विकू शकतो, ही मुभा मूळ संहितेत आहे. स्थावर मात्र कलम १११९ प्रमाणे दोघांच्या संमतीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, मग ते कोणाच्याही बाजूने आलेले असो. त्यामुळे एखादी वस्तू कोणत्या वर्गात बसते याचे उत्तर चुकले, की बायकोची सही चुकते.

उताऱ्यावर अनेकदा एकट्या नवऱ्याचेच नाव असते. बाहेरचा खरेदीदार किंवा गोव्याचा कायदा न जाणणारा बँकेचा सल्लागार तेवढेच वाचतो आणि एक सही घेऊन मोकळा होतो. पुढे पत्नी किंवा तिचे वारस न्यायालयात जातात तेव्हा तो व्यवहार रद्द होऊ शकतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ने उताऱ्यातील नोंदी खऱ्या मानल्या जातात, अर्थात विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालये वारंवार सांगतात. ही मर्यादा वकिलांना माहीत असते, खरेदीदाराला नसते.

सर्वांत मोठे नुकसान नवरा गेल्यानंतरच्या म्युटेशनमध्ये, म्हणजे फेरफार नोंदीत, होते. समजा घर आणि भाट (माडांची बागायत) मिळून १ कोटी २० लाखांची मालमत्ता आहे, कॉम्युनियनचा संसार आहे आणि तीन मुले आहेत. ६० लाखांचा हिस्सा पत्नीचा आहेच. तो तिला वारशाने मिळत नाही, लग्नापासून तिचाच आहे. वारसा उघडतो तो उरलेल्या ६० लाखांपुरता. मृत्युपत्र नसेल तर प्रत्येक मुलाला २० लाख. मृत्युपत्र असेल तर नवऱ्याला त्यातले ३० लाखच हव्या त्या माणसाला देता येतात. उरलेले ३० लाख हा मुलांचा राखीव वाटा, म्हणजे प्रत्येकी किमान १० लाख. आता म्युटेशन पाहा. ‘वारस’ म्हणून आई आणि तीन मुले अशी चार नावे एकाखाली एक चढतात, हिस्से लिहिलेले नसतात आणि पुढचा माणूस चौघे समान धरून चालतो. कागदावर आईचे ६० लाखांचे ३० लाख होतात. तिला कोणी फसवले नाही, तिने काही लिहूनही दिले नाही. उताऱ्याच्या रचनेमुळे तिचा निम्मा हक्क दिसेनासा होतो.

तिसरी अडचण त्याच घरातली. तिन्ही मुलांची लग्ने कॉम्युनियनमध्ये झाली असतील तर त्यांच्या वाट्यात सुना-जावयांचाही निम्मा हक्क येतो. विक्रीखतावर आई, तीन मुले आणि त्यांचे तीन जोडीदार अशा सात सह्या लागतात. यातली एक राहिली तरी दस्त लंगडा. जोडीदार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र आणि त्याचे साक्षांकन आलेच. उताऱ्यावर मात्र चारच नावे असतात, म्हणून उरलेले तीन कोण, हे शोधायचे कुणाला सुचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्णय दिला, की गोमंतकीयाची भारतात अन्यत्र असलेली मालमत्ताही याच संहितेखाली येते. म्हणजे दादर-माहीममधील गोवेकराच्या खोलीलाही हाच हिशोब लागू. महाराष्ट्रातल्या दुय्यम निबंधकाकडे हे तपासायला काही साधन नाही. गोव्याच्या उताऱ्यावर वैवाहिक वर्ग लिहिला गेला, तर निदान मूळ गावच्या कागदावरून तरी त्याला अंदाज येईल.

स्थावर-जंगमाचा घोळही रोजचा आहे. दस्त नोंदणीपुरता १९०८चा नोंदणी कायदा लागतो आणि तो झाडावरचे फळ, उभे पीक आणि तोडणीला आलेले लाकूड जंगम मानतो. संहिता भुईचे उत्पन्न वेगळे काढेपर्यंत स्थावर मानते. काजूच्या डोंगराची एका हंगामाची पावणी, म्हणजे लिलाव, ही फळांची विक्री, तिला नोंदणी लागत नाही. पण तीन वर्षे डोंगरात शिरायचे, झाडे राखायची आणि दरवर्षी काजू उचलायचे असा करार झाला, तर तो जमिनीतून येणाऱ्या लाभाचा हक्क ठरतो आणि नोंदणी चुकली तर न्यायालयात टिकत नाही. १९५८मध्ये शांताबाई प्रकरणात जंगलात शिरून बारा वर्षांहून अधिक काळ लाकूडतोड करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने स्थावर ठरवला. नोंदणी नसल्याने तो हक्क मिळालाच नाही. अशा करारांवर पत्नीची सही लागते का, हे निबंधकांनी अर्जदाराला लेखी सांगावे.

यंत्रांचेही तसेच. नुसते बोल्ट लावले म्हणून यंत्र स्थावर होत नाही. केवळ थरथर थांबावी म्हणून दीड फुटाच्या पायावर बोल्टने बसवलेला डांबरमिश्रणाचा प्लांट सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्थावर मानला नाही. कायमचा चालवायच्या हेतूने उभारलेला खतांचा कारखाना मात्र १९९९मध्ये स्थावर ठरवला. कसे बसवले आणि कशासाठी बसवले, हे दोन प्रश्न विचारले की बॉटलिंगच्या यंत्रापासून पावसाळ्याआधी सोडवून ठेवायच्या शॅकपर्यंत बहुतेक उत्तरे मिळतात. त्यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरे.

जुन्या नोंदवह्यांबाबत. पोर्तुगीज काळातील वर्णन ‘बी’ वहीत क्रमांकाने असते, हस्तांतरणाची नोंद ‘जी’ वहीत आणि करआकारणीचा मात्रीज क्रमांक तिसरीकडे. वर्णनात मालमत्तेचे नाव आणि चार दिशांच्या सीमा असतात, मोजणी नकाशा नसतो. पुढच्या सर्वेक्षणात एकाच वर्णनाचे अनेक सर्व्हे क्रमांक झाले, कुठे दोन वर्णने एका क्रमांकात आली. हा दुवा कुठेही अधिकृतपणे लिहिलेला नाही. त्या फटीतूनच बनावट जुने दस्त शिरले आणि २०२२मध्ये सरकारला जमीन हडप प्रकरणांसाठी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली.

म्हणून आमचे मागणे असे. म्युटेशनच्या अर्जात प्रत्येक नावापुढे लग्नाची नोंद, करार आहे की नाही आणि जोडीदाराचे नाव हे तीन तपशील सक्तीचे करा. सिव्हिल रजिस्ट्रारचा विवाह दाखला आणि असल्यास करारपत्र जोडायला लावा आणि तोच वर्ग एक-चौदा व फॉर्म डीवर छापा. मृत्यूनंतरच्या नोंदीत मोइटी आणि वारसा हे शब्द वेगळ्या ओळींवर, अपूर्णांकासह लिहा : आई १/२, प्रत्येक मूल १/६. जुन्या नोंदींना हात लावण्याची घाई नको. पुढचा प्रत्येक फेरफार येईल तेव्हा मामलेदाराने त्या क्रमांकाचा वर्ग भरून घ्यावा आणि पक्षकाराने दस्तासोबत दिलेला वर्णन व मात्रीज क्रमांक ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदवावा. सुरुवात एका तालुक्यातून करता येईल. तिसवाडी सोयीचा, कारण मामलेदार, सिव्हिल रजिस्ट्रार आणि पुराभिलेख खाते तिथे पणजीतच आहेत.

आपले,
मालमत्तेचे दस्त लिहिणारे आणि तपासणारे काही गोमंतकीय