बाबा, भिडे गेले त्याबद्दल

पुणे, १२ जून २०२२

ती. आई-बाबांना सा. न.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोन कायम आईच्या हातात असतो. बाबा मागून "जेवली का विचार" एवढंच बोलतात, आणि या वेळी मला बोलायचंय ते बाबांशी. आई, तू वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते टाळतील.

मंगळवारी प्रदीप भिडे गेले, दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारे. मला ऑफिसात मोबाईलवर कळलं, आणि आधी बाबाच डोळ्यांसमोर आले. रात्री फोन केला तर आई म्हणाली, झोपलेत. साडेआठला? आपले बाबा? मग दुसऱ्या दिवशी तूच हळू आवाजात सांगितलंस : "घरातलं कोणतरी गेल्यागत बसल्यात बघ. धड जेवले बी नाहीत. तुमचं कोण लागत हुतं म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसले. मी सांगून दमलो."

कोण लागत होते, हे तुलाही ठाऊक आहे. बाबा उद्यमनगरातल्या लेथच्या कामावरून यायचे, मोरीत आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. सात वाजायच्या आधी टीव्ही लागलेला असायचा. कुकरची शिट्टी नेमकी ठळक बातम्यांत वाजू नये म्हणून तू गॅस बारीक करायचीस. मी आणि दादा भांडत असलो तर बाबा नुसतं बोट वर करायचे. एरवी त्या घरात बोट वर करून कोणी गप्प बसलंय का? देव्हाऱ्यातल्या आरतीलासुद्धा नाही. सातच्या बातम्यांना मात्र बसायचं.

भिडे बातम्या द्यायला असले की बाबा जरा जास्तच सरळ बसत. "ह्यो माणूस वर्नियर लावून बोलतोय. एक सूत इकडं नाही का तिकडं नाही," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कोणी नीट बोललं की मला लेथ आठवतं. जन्मभर लोखंड मापून कातणाऱ्या माणसानं कोणाचं याहून मोठं कौतुक करायचं? भिडे वाक्य संपवायचे, मगच नजर वर यायची. माणसाचं नाव, गावाचं नाव, हुद्दा, सगळं पूर्ण. एका बातमीत माणसं गेलेली असायची, पुढच्या बातमीत उसाचा दर, आणि या दोन्हींच्या मध्ये ते एक बारीकसा थांबा घ्यायचे. तेवढ्यात आपण एका बातमीतून बाहेर यायचो. हल्ली तो थांबाच कोणी घेत नाही.

मला किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. दादा आणि बाबा महाद्वार रोडच्या मिरवणुकीतून गुलालानं माखून आले होते. मग दिवसभर लोक काय काय सांगत होते. कोणी म्हणे लातूर गेलं, कोणी म्हणे सोलापूर. बाबांनी दारात उभ्या शेजाऱ्याला ऐकवलं, "सातला कळंल काय ते." आणि सातलाच कळलं. पुढचे कितीतरी दिवस मृतांचा आकडा वाढत गेला, आवाज तेवढाच राहिला. मी लहान होते, मला भूकंपाची भीती वाटत होती. पण जे झालंय ते कोणीतरी नीट मोजून सांगतंय, याचा आधार होता.

आता थोडं भांडणाचं. बाबा, मी कॉलेजात असताना आपलं यावरून वाजलं होतं. मी म्हणत होते, सरकारी टीव्ही, सरकारला नको ते सांगणारच नाहीत. आणीबाणीत काय वाचलं होतं यांनी, वगैरे. ते मी आजही म्हणते. तेव्हा तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. म्हणालात, "त्यो जे सांगतोय ते खरं. जे सांगत नाही ते सकाळी पेपरात बघायचं." मला ती पळवाट वाटली होती. परवा भिड्यांवर लोकांनी लिहिलेलं वाचताना ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं, आणि वाटलं, यात तुमचा सगळा हिशेब होता. तुम्ही त्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता. कुठपर्यंत टाकायचा, ती खूण तुमची तुम्ही करून ठेवली होती, आणि त्या खुणेच्या आत त्यानं तुम्हाला कधी फसवलं नाही.

आवाजाचंही तसंच. सगळे लिहितायत, काय आवाज होता, काय भारदस्त. होताच. जाहिराती, माहितीपट, सरकारी समारंभ, कुठे कुठे ऐकलाय तो. पण जाहिरातीत तो आवाज आला की तुम्हीच म्हणायचात, "आवाज वळखीचा हाय म्हणून माल घिऊ नका." आई हसायची. म्हणजे आवाजाला भुललेले तुम्ही नव्हतातच.

माझ्या रोजच्या वाटेवर रानडे इन्स्टिट्यूट लागते, फर्ग्युसन रस्त्यावर. भिडे विज्ञानाची पदवी घेऊन तिथे पत्रकारिता शिकले, हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं त्या फाटकावरून जाते. तुम्ही पुण्याला आलात की दाखवते. बघण्यासारखं फार काही नाही, झाडं आहेत आणि चहाची गर्दी. तरी तुम्हाला आवडेल.

शुक्रवारी रात्री तुम्ही जागे होतात, हे मला आईनं सांगितलं नाही, दादानं सांगितलं. राज्यसभेची मोजणी. सहाव्या जागेला दोन्हीकडून आपलेच कोल्हापूरकर, संजय पवार आणि धनंजय महाडिक, त्यामुळे गावात कोणालाच झोप नसणार. मीही बघत होते. मोजणी सुरूच होत नव्हती, हरकती दिल्लीला गेलेल्या, म्हणजे सांगण्यासारखं काहीही नव्हतं. आणि प्रत्येक चॅनेलवर तेच काहीही नसलेलं चार-चार चौकटींत ओरडून सांगत होते. सूत्रांची माहिती, मोठी बातमी, लाल पट्टी. निकाल लागला तो पहाटे. दादा म्हणाला, बाबा मध्येच उठून आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसले. ते ऐकून मला पोटात कसंतरी झालं. भिड्यांना जाऊन तीनच दिवस झाले होते.

तुम्हाला त्या माणसाचं वाईट वाटतंय, यात लाजण्यासारखं काही नाही, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही त्यांना कधी भेटला नाहीत हे खरं. पण तुमच्या सख्ख्या भावापेक्षा ते तुमच्यासमोर जास्त वेळ बसले असतील, आणि काका बोलतात त्यातलं निम्मं तर तुम्हीच सोडून देता. महिन्यापूर्वी, ६ मे रोजी, शाहू महाराजांसाठी अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. तुम्ही गुडघा दुखत असून चौकापर्यंत गेलात. माणूस डोळ्यांनी बघितलेला असला तरच त्याच्यासाठी उभं राहायचं, असं कुठे असतं?

आता पावसाचं. मृग लागलाय, महिन्याभरात पंचगंगा पात्राबाहेर येईल आणि मोबाईलवर तो धुमाकूळ पुन्हा सुरू होईल. २०१९ ला काय झालं ते विसरू नका. शुक्रवार पेठेत लाईट नाही, टीव्ही बंद, आणि आपल्या भावकीच्या ग्रुपवर "राधानगरी फुटली, लगेच घर सोडा". आईनं भीतीनं देवाचे टाक पिशवीत भरले होते. बाबा तेव्हा काय म्हणाले होते? "राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडत्यात. तलाव भरला की उघडणारच. फुटणं येगळं आणि उघडणं येगळं." आणि मग तुम्ही दादाला एकच विचारलंत, राजाराम बंधाऱ्याला किती फूट किती इंच? इशारा ३९ ला, धोका ४३ ला, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आपण निघालो ते त्या फूट-इंचाकडे बघून, वेळेत, गॅसची टाकीसुद्धा माळ्यावर चढवून. शेजारचे आधी घाबरून निघाले, मग फॉरवर्ड खोटा निघाला म्हणून परत आले, आणि नेमके परत आल्यावर अडकले.

म्हणून या वर्षीही तेच करायचं. दादाला सांगितलंय, बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेव, जिल्हा आपत्तीवाल्यांचीच घे, ग्रुपवरची नको. रेडिओचे सेल बदला. जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे, मीच ठेवलाय. सकाळी सात पाचला आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात, दहा मिनिटांत सगळं सांगून मोकळे होतात आणि कोणी कोणावर ओरडत नाही. बाबा, पहिले दोन-चार दिवस तुम्ही नावं ठेवाल, हा उच्चार असा, तो तसा. ठेवा. आईला तेवढंच बरं वाटेल.

आई, आषाढात येते आहे. कांदा-लसूण चटणी करशील तेव्हा माझी बरणी वेगळी काढ, दादाच्या हाताला लागू देऊ नकोस. बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, रिकामं पाकीट टाकून न देता त्याचा फोटो पाठव, इथून घेऊन येते.

तुमची,
वैशू