जांभळाच्या बिया वाळवू नका

वाल्पराई (तामिळनाडू), 18 जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, काल फोनची रेंज गेली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच राहिलं. नाशकात गोदापार्कवर फिरायला येणाऱ्या तुमच्या मंडळींनी मातीत बिया घालून दोन हजार बीजगोळे करायला घेतलेत, त्यातले निम्मे इकडच्या वर्षावनासाठी पाठवू का, असं तुम्ही विचारत होतात. मागून आईचा आवाज आला की जांभळाच्या बिया गच्चीवर वाळत घातल्यात. म्हणून सविस्तर लिहिते. गोळे पाठवू नका. आणि आई, तू आधी त्या बिया उन्हातून उचल.

बियांच्या दोन जाती असतात असं समज. चिंच, बाभूळ, बहावा यांचं बी तू गहू वाळवून डब्यात भरतेस तसंच राहतं. कोरडं केलं की वर्ष-वर्ष टिकतं. जांभूळ, फणस, आंबा यांच्या बीला मात्र ओल हाच जीव आहे. ते सुकलं की मेलं. वर्षावनातल्या पुष्कळ मोठ्या झाडांचं बी या दुसऱ्या जातीचं. तिथली जमीन जवळजवळ बारा महिने ओलसर, त्यामुळे अशा बीला झोपून राहायची गरजच पडत नाही. पडलं की काही दिवसांत कोंब काढायचा, एवढंच त्याला ठाऊक. असं बी मातीच्या गोळ्यात घालून गोळा सुकवला की आत काही उरत नाही. आणि सुकूनही टिकणारं बी घातलंत तर ते तुमच्याकडच्या कोरड्या, पानगळीच्या रानातलं असणार. त्याचं इथे काम नाही.

इथली परिस्थिती अशी आहे. अनैमलाईच्या या पठारावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चहा-कॉफीचे मळे झाले आणि जंगलाचे तुकडे मळ्यांमध्ये बेटांसारखे उरले. सिंहपुच्छ माकडं, महाधनेश पक्षी, उडत्या खारी या तुकड्यांतही जगतात. तुकड्याच्या कडेला ऊन शिरलं की घाणेरी आणि रानमोडी ही झुडपी तणं माजतात, आणि त्यांच्याखाली सावलीतल्या झाडाचं रोप वर येत नाही. वरून बीजगोळा टाकला तर तो त्या जाळीतच पडतो. मुंग्यांनी आणि उंदरांनी सोडला तरी त्याला ना ऊन मिळत, ना जागा.

म्हणून इथे रोपं करूनच लावावी लागतात. बी शक्यतो जंगलातून आणायचं नाही. रस्त्यावर आणि मळ्याच्या वाटांवर पडलेलं उचलायचं, जे एरवी चाकाखालीच गेलं असतं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एक बीसुद्धा उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. धनेशाच्या ढोलीखाली मात्र बियांचा खच असतो. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, फळांच्या गराने दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. पुढचे तीन-चार महिने नर बाहेरून भरवतो. गळ्यात साठवून आणलेली फळं तो एकेक करून वर काढतो आणि फटीतून देतो. बिया खाली पडतात, पण एकाच जागी दाटीने पडल्याने बुरशी आणि उंदीर बहुतेक संपवतात. त्यातल्या थोड्या उचलल्या तर नुकसान नाही, फक्त पिल्लू उडून गेल्यानंतरच. ढोलीत पक्षी असताना झाडाखाली माणसं वावरली तर नर फळं घेऊन लांब बसून राहतो आणि आत उपास पडतो.

बी आणलं की त्याच दिवशी गर धुऊन काढायचा, नाहीतर तो आंबतो आणि बी शिजल्यासारखं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, ओल्या गोणपाटात ठेवायचं. तीन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. बी आडवं ठेवून त्याच्या जाडीइतकंच खोल पेरायचं. वर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी. कुणी वीस दिवसांत उगवतं, कुणी वर्षभर हलत नाही. त्र्यंबकच्या दुकानांत रुद्राक्ष मिळतात ना, त्याच कुळातलं एक झाड इथे आहे. त्याची आठळी दगडासारखी असते. दोन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून वाफा उकरला तर हातची रोपं जातात.

रोप दीड-दोन फुटांचं व्हायला एक-दोन वर्षं लागतात. लावण्याआधी दोन महिने जाळी हळूहळू कमी करायची, म्हणजे ऊन अंगवळणी पडतं. पुष्कळ रोपं मरतात ती रोपवाटिकेच्या पिशवीत जास्त दिवस राहिल्याने. मुळं तळाशी गोल गुंडाळली जातात, लावल्यावरही गोलच वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरं दिसणारं झाड वाऱ्याने आडवं होतं. म्हणून लावताना पिशवी कापून तळाची मुळं बोटांनी सोडवायची, वळलेलं टोक छाटायचं.

घाणेरी वरून कापली तर दुप्पट फुटते. बोटभर माती बाजूला करून मुळाच्या गड्ड्याखाली कुदळीचा घाव घालायचा आणि झुडूप तिथेच उलटं टाकायचं. त्याआधी खाली वाकून बघायचं, कारण जाळीत आपोआप आलेलं नागकेशराचं किंवा रानजायफळाचं रोप असू शकतं, आणि ते लावलेल्या दहा रोपांपेक्षा मोलाचं. सगळी झुडपं एकदम काढली तर पहिल्या पावसात माती वाहून जाते. मग एक फुटाचे खड्डे, दोन-दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी अडीच हजार, आणि शेजारी शेजारी एकच जात नाही. पुढची तीन वर्षं तण काढणं हेच खरं काम, आणि नेमक्या त्याच वेळी पैसे देणारे निघून गेलेले असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

बाबा, नाशकातही बीजगोळे अंजनेरीच्या पठारावर टाकू नका, एवढी विनंती मंडळींना करा. ते उजाड रान नाही. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प त्या डोंगराच्या नावाने ओळखलं जातं, आणि अशा फुलांना गवताळ, उघडी जमीन लागते. झाडांची सावली आली की ती संपतात.

तुम्हाला खरंच मदत करायची आहे हे मला कळतं, म्हणून दुसरं काम सुचवते. राखी धनेश हा महाधनेशाचाच धाकटा भाऊ, तुमच्या भागातल्या वडा-उंबरांवर दिसतो. त्यालाही जुन्या झाडाची ढोली लागते. फिरायच्या वाटेवरची दहा झाडं ठरवा: वड, उंबर, पिंपळ, जांभूळ. दर रविवारी त्याच झाडांची कोवळी पानं, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं नोंदवा. नाहीत, थोडी, भरपूर, एवढंच लिहायचं. झाडाला खिळ्याने पत्रा ठोकू नका, वहीत खुणा लिहा. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम अशाच नोंदी देशभरातून गोळा करतो. कुठल्या झाडात ढोली आहे तेही लिहा, म्हणजे फांद्या छाटायला माणसं आली की दाखवायला हातात काहीतरी असेल. आठवडा चुकला तर ती जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका.

आई, आता तुझ्या बिया. एक नखाने सोलून मधोमध काप. आत घट्ट आणि हिरवट-गुलाबी असेल तर जिवंत, तपकिरी भुसभुशीत असेल तर गेली. जिवंत असतील त्या आजच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेर, तळाला चार भोकं पाड, सावलीत ठेव. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतील. एका बीतून दोन-तीन आले तर घाबरू नकोस, जांभळात तसं होतं. चार पानांवर आली की सगळ्यात जोमदार एक ठेव आणि बाकीची कात्रीने काप, उपटू नकोस, मुळं एकमेकांत अडकलेली असतात.

बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुमची,
ताई