पाय सुजला की हत्तीपायच?

महोदय,

धाकट्या भावाला आईची किडनी बसवून दीड महिना झाला आणि त्याचा उजवा पाय सुजला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाय सुजला की पहिला शब्द निघतो, हत्तीपाय. इथल्या डॉक्टरांनीही त्याच्याच गोळ्या लिहिल्या. मांडीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, लघवीही कमी झाली होती.

नागपूरला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, नव्या किडनीशेजारी लसिकेचं, म्हणजे पेशींभोवतालच्या पातळ द्रवाचं, पाणी साचलंय. किडनी जोडताना ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या बारीक लसिकावाहिन्या कापल्या जातात, त्यांतून ते झिरपतं. मग मूत्रनलिका आणि पायाची शीर दाबली जाते, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, चढतं. सुईनं काढलं, पुन्हा भरलं. शेवटी दुर्बिणीतून छेद देऊन पोटाच्या पोकळीत वाट करून दिली. तिथं शरीर ते शोषून घेतं.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा होत्या, याबद्दल एक ओळ नव्हती. (आईला मिळालेला पथ्याचा कागदही इंग्रजीत!) प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांनी धोक्याच्या खुणा मराठीत लिहून द्याव्यात. आणि तालुक्याला सोनोग्राफी रोज व्हावी. सध्या मशीन आहे, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात.

– एक वाचक, जि. चंद्रपूर